गाळणीबाहेरचा खर्च : कापूस खरेदीच्या ॲपचं क्लाउड बिल तिघांत वाटताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या तीन शेतकरी उत्पादक कंपन्या कापूस खरेदीसाठी एकच ॲप वापरतात. एक दारव्हा तालुक्यातली, दुसरी राळेगावची, तिसरी आर्णीची. ॲप तयार करून चालवणारी छोटी टीम दिग्रसला बसते. ॲपचं काम सरळ आहे. गाडी काट्यावर आली की भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ग्रेडरने मोजलेली आर्द्रता आणि काटापट्टीचा (वजनाच्या पावतीचा) फोटो एवढं फोनवरून नोंदवायचं, आणि संध्याकाळी शेतकऱ्याच्या नावावर किती क्विंटल आणि किती रुपये लागले ते दाखवायचं. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के आर्द्रतेपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याच्या वर कापूस परत, असा नियम असतो. काट्यावरची भांडणं बहुतेक याच आकड्यावरून होतात. त्यामुळे फोटोसकट नोंद राहणं शेतकऱ्यांनाही हवं होतं, आणि ॲप तिन्ही ठिकाणी रुजलं.

ॲपचे सर्व्हर ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या क्लाउडवर, म्हणजे ॲमेझॉनकडून भाड्याने घेतलेल्या संगणकांवर, तिच्या मुंबई प्रदेशात आहेत. खातं टीमचं, बिल महिन्याला एकच. करारात लिहिलं होतं की क्लाउडचा खर्च प्रत्यक्ष बिलाप्रमाणे घ्यायचा आणि तिघांत सारखा वाटायचा. खरेदी थोडी होती तोवर या ओळीकडे कुणी पाहिलं नाही. मग एका हंगामात दसरा झाला, वेचणी सुरू झाली आणि ऑक्टोबरचं बिल सप्टेंबरच्या कितीतरी पट आलं.

आर्णीच्या कंपनीची खरेदी तिघांत सगळ्यात कमी. तिथल्या अध्यक्ष काकांनी बैठकीत जे विचारलं, त्यावरून हे सगळं प्रकरण उभं राहिलं: "आम्ही बोनस वाटतो तो ज्यानं जितका माल घातला त्या हिशोबानं. मंग मशीनचा खर्च तिघाइले सारखा कायले?" कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीसाठी ज्या तरतुदी आहेत त्यांचं तत्त्वही हेच आहे. पॅट्रोनेज बोनस सभासदाने कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात मिळतो. काकांनी तेच तत्त्व खर्चाला लावलं होतं. टीममधला मुलगा म्हणाला, "काका, तुमचा वाटा वेगळा काढून देतो." त्यावर काका म्हणाले, "देजा. पण उरलंसुरलं कोनावर टाकसान, ते बी सांगजा."

तिन्ही कंपन्यांच्या वतीने हा हिशेब तपासून देण्याचं काम माझ्याकडे होतं. काकांच्या त्या दुसऱ्या वाक्यात या विषयाचं सगळं मर्म आहे असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. क्लाउडच्या खर्चाला फिल्टर लावून जो आकडा येतो, तो बरोबर आहे की नाही हे त्या आकड्याकडे पाहून कधीच कळत नाही. फिल्टरबाहेर काय राहिलं ते पाहावं लागतं.

टीमने काय केलं होतं

ॲमेझॉनच्या खात्यात खर्च पाहण्याची कॉस्ट एक्सप्लोरर नावाची सोय आहे आणि तिचा एपीआयही, म्हणजे तीच माहिती कोडमधून मागवण्याचा मार्गही, आहे. त्यातली मुख्य विनंती म्हणजे 'गेट कॉस्ट अँड युसेज'. तिला कालावधी द्यायचा, आकडे दिवसागणिक हवेत की महिन्यागणिक ते सांगायचं, कोणत्या मोजमापाने खर्च हवा ते सांगायचं, आणि हवा असेल तर फिल्टर आणि गट द्यायचा. गट एका वेळी जास्तीत जास्त दोन. टीमने या विनंतीवर एक पडदा बांधला होता. कंपनी निवडा, महिना निवडा, खर्च दिसेल.

प्रत्येक कंपनीचा ॲप सर्व्हर आणि एस-थ्री या ॲमेझॉनच्या फाइल साठवणीतली फोटो ठेवायची जागा वेगळी होती. त्यांवर 'क्लायंट' असा टॅग, म्हणजे ओळखचिठ्ठी, लावून कंपनीचं नाव लिहिलेलं होतं. डेटाबेस, येणाऱ्या विनंत्या सर्व्हरकडे वळवणारा लोड बॅलन्सर आणि आतल्या जाळ्यातल्या सर्व्हरना बाहेर जायचा रस्ता देणारा नॅट गेटवे तिघांचा एकच. मांडणी चांगली होती. टॅग आहेत, फिल्टरमध्ये टॅग चालतो, म्हणजे वाटा निघालाच पाहिजे.

पडद्यावर दारव्ह्याचा खर्च शून्य दिसत होता.

चूक झाली असा संदेश कुठेही नव्हता. विनंती यशस्वी, उत्तर व्यवस्थित, रक्कम शून्य. या एपीआयचा स्वभाव नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे घोटाळे त्यातूनच आले. फिल्टरची रचना चुकली तर तो लगेच अडवतो. मात्र फिल्टरमधलं मूल्य चुकलं, म्हणजे तुम्ही दिलेल्या नावाचा खर्चच नसला, तर तो निमूट शून्य देतो. त्याच्या दृष्टीने ते खरं उत्तर असतं, कारण त्या नावाखाली खरंच काही नोंदलेलं नसतं.

शून्यामागची कारणं

पहिलं कारण टॅगचं. सर्व्हरला टॅग लावला की तो खर्चाच्या हिशेबात आपोआप येत नाही. बिलिंगच्या विभागात जाऊन तो टॅग 'खर्च वाटपाचा टॅग' म्हणून चालू करावा लागतो. टॅग तिथल्या यादीत दिसायला एक दिवसापर्यंत वेळ लागू शकतो, आणि चालू केल्यावर तो लागू व्हायलाही तेवढाच. टीमने टॅग लावले होते, चालू केले नव्हते. सर्व्हरच्या यादीत टॅग दिसत असल्यामुळे या बाजूला कुणाचं लक्षच गेलं नाही.

टॅग चालू झाल्यावर आकडे आले. राळेगावचा आकडा पटण्यासारखा होता, दारव्ह्याचा अर्ध्याहून कमी. तिन्हींत सगळ्यात जास्त खरेदी दारव्ह्याची, त्यामुळे हे उघडच खटकलं. या वेळी कारण आपल्या गावांच्या नावांतच होतं. दारव्हा रोमन लिपीत लिहिताना एकाने 'व्ह' साठी व्ही वापरला, दुसऱ्याने डब्ल्यू. सर्व्हरवर एक स्पेलिंग, फोटोंच्या जागेवर दुसरं. टीममधल्या एकाने सुचवलं की लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न पाळण्याचा पर्याय फिल्टरमध्ये आहे, तो लावू. पण खर्चाच्या या विनंतीत तो पर्याय चालत नाही, आणि चालला असता तरी त्याने व्हीचा डब्ल्यू होत नाही. अशा वेळी 'गेट टॅग्ज' ही विनंती पाठवावी. त्या कालावधीत खर्चावर प्रत्यक्षात कोणकोणती मूल्यं नोंदली गेली आहेत, त्यांची यादी ती देते. आपल्या मनात काय नाव आहे याला इथे अर्थ नाही, नोंदीत काय आहे त्याला आहे. यादीत दारव्हा दोनदा दिसला. फिल्टरमधल्या मूल्यांच्या यादीत दोन्ही स्पेलिंगं टाकली की दोन्हींचा खर्च एकत्र येतो, कारण त्या यादीतली मूल्यं 'हे किंवा ते' अशीच धरली जातात. मागच्या महिन्यांसाठी तसं केलं, आणि पुढच्यासाठी टॅग एकसारखे करून घेतले.

सेवांच्या नावांचंही असंच. भाड्याच्या सर्व्हरच्या सेवेला ईसीटू म्हणतात, पण फिल्टरमध्ये नुसतं 'ईसीटू' लिहून चालत नाही. हिशेबात त्या सेवेचं लांबलचक पूर्ण नाव असतं, शेवटी 'कॉम्प्युट' असं जोडलेलं, आणि तेच अक्षरशः द्यावं लागतं. त्यासाठी 'गेट डायमेन्शन व्हॅल्यूज' ही विनंती आहे. सेवा, प्रदेश अशा ठरलेल्या रकान्यांत (डायमेन्शन) कोणती नावं आहेत ते ती सांगते. मी तरी फिल्टरमधलं एकही नाव आठवणीने लिहू देत नाही, या यादीतून उचलूनच घ्यायला सांगतो.

आर्णीचा शून्य मात्र निराळा होता. त्या पडद्यावर खर्च सेवांप्रमाणे गट करून मागवला जात होता, आणि पडदा उत्तरातला 'टोटल' हा भाग वाचत होता. गट मागितले की 'टोटल' रिकामा येतो. आकडे 'ग्रुप्स' मध्ये असतात, ते आपणच बेरजेत धरायचे. बेरीज करतानाही एक खड्डा आहे. रक्कम आकडा म्हणून येत नाही, अक्षरांची माळ म्हणून येते. ती आकड्यात न बदलता जावास्क्रिप्टमध्ये अधिक चिन्ह वापरलं तर रकमा एकमेकींना चिकटत जातात. आणि दिवसागणिक खर्च दोन गटांत मागितला की उत्तर एका पानात मावेल याची खात्री नसते. शेवटी 'नेक्स्ट पेज टोकन' आलं असेल तर पुढचं पान मागावं लागतं. ते विसरलं की काही गट गायब होतात, आणि उरलेले अगदी खऱ्यासारखे दिसतात.

तारखांचं थोडक्यात. सुरुवातीची तारीख हिशेबात धरली जाते, शेवटची धरली जात नाही. पूर्ण ऑक्टोबर हवा तर १ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर मागायचं. ३१ ऑक्टोबर लिहिलं की ३१ चा दिवस गळतो. दिवसही जागतिक वेळेप्रमाणे मोजला जातो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला तो बदलतो. हे इथे उगीच सांगत नाही. खेड्यावरच्या काट्यापाशी दिवसा रेंज नसते, फोटो फोनमध्ये साचतात आणि रात्री घरी गेल्यावर चढतात. त्यामुळे आपल्या मंगळवारी पहाटे चढलेल्या फोटोंचा खर्च हिशेबात सोमवारी पडतो. कंपनीच्या लोकांनी रोजची खरेदी आणि रोजचा खर्च शेजारीशेजारी ठेवून पाहिला तेव्हा तो जुळेना, त्याचं एक कारण हे होतं.

उरलेलं मोजणं

इथपर्यंत तिघांचे तीन आकडे मिळाले होते आणि टीमला वाटलं काम झालं. मी त्यांना काट्यावरच्या रीतीची आठवण करून दिली. भरल्या गाडीचं वजन घेतल्याशिवाय आणि रिकामी गाडी परत काट्यावर चढवल्याशिवाय आतल्या कापसाचं वजन कुणी लिहून देत नाही. इथे आपण गाडी न मोजताच कापूस लिहिला होता.

म्हणून तीन प्रकारच्या विनंत्या ठरवल्या. एक, कंपनीचा फिल्टर न लावता पूर्ण खर्च. दोन, प्रत्येक कंपनीचा टॅगप्रमाणे खर्च. तीन, ज्यावर हा टॅग अजिबात नाही असा खर्च. तिसऱ्यासाठी फिल्टरमध्ये 'ॲबसेंट' हा जुळणीचा पर्याय असतो. टॅगची किल्ली (इथे 'क्लायंट') द्यायची, मूल्य (कंपनीचं नाव) द्यायचं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्याची बेरीज पहिल्याशी पैशापर्यंत जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर पडद्याने आकडा दाखवायचाच नाही, असा नियम कोडमध्ये घातला. टॅगप्रमाणे गट केले तर हेच एका विनंतीतही मिळतं. तिथे प्रत्येक गटाचं नाव किल्ली, मग डॉलरचं चिन्ह, मग मूल्य असं येतं. ज्या गटात चिन्हापुढे काहीच नाही तो बिनटॅगचा. टीमचा जुना कोड नेमका तोच गट 'नाव रिकामं आहे' म्हणून टाकून देत होता.

बिनटॅगचा आकडा पाहिल्यावर खोलीत सगळे गप्प झाले. तिन्ही कंपन्यांच्या थेट खर्चाच्या बेरजेपेक्षा तो मोठा होता. म्हणजे आधीचे तीन आकडे कितीही बिनचूक असले तरी ते निम्म्याहून कमी बिलाबद्दल बोलत होते. काकांनी विचारलं होतं तेच हे उरलंसुरलं.

मग तो उरलेला भाग सेवेप्रमाणे आणि वापराच्या प्रकाराप्रमाणे उलगडला. यात चार गोष्टी निघाल्या आणि चारही निराळ्या वृत्तीच्या होत्या.

सगळ्यात आधी क्रेडिट. टीमला सुरुवातीला ॲमेझॉनकडून नव्या उद्योगासाठीची क्रेडिट्स, म्हणजे बिलातून वजा होणारी सवलत, मिळाली होती, आणि ती सप्टेंबरअखेर संपली. क्रेडिट खर्चाच्या हिशेबात उणे रक्कम म्हणून बसतं. त्यामुळे सप्टेंबरपर्यंतचं बिल मुळातच खोटं लहान दिसत होतं. ऑक्टोबरमध्ये हंगाम आणि क्रेडिटचा शेवट एकाच वेळी आले आणि सगळा दोष हंगामावर गेला. नोंदीच्या प्रकारावर फिल्टर लावून क्रेडिट आणि रिफंड वगळले तेव्हा खरं चित्र दिसलं. वापर जुलैपासून जवळपास सपाट होता, ऑक्टोबरमध्ये वाढला, पण बिलाने दाखवलं त्याच्या जवळपासही नाही. हे आधी कळलं असतं तर बैठकीतली अर्धी कटुता टळली असती. कोणत्याही दोन महिन्यांची तुलना करण्याआधी क्रेडिट वगळलं आहे का हे पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

या फिल्टरची रचना इथे सांगून ठेवतो, कारण टीम त्यावर अडली होती. फिल्टरच्या एका पातळीवर एकच गोष्ट चालते: एकतर टॅगची अट, किंवा डायमेन्शनची अट, किंवा 'आणि', 'किंवा', 'नाही' यांपैकी एक. 'दारव्ह्याचा टॅग आणि क्रेडिट नसलेला' असं हवं असेल तर दोन्ही अटी शेजारी लिहून चालत नाहीत. वर 'आणि' ठेवायचा, त्याच्या यादीत पहिली टॅगची अट, दुसरी 'नाही', आणि त्या 'नाही' च्या पोटात नोंदीच्या प्रकाराची अट. आणखी एक दक्षता. क्रेडिट वगळायचं तर पूर्ण, टॅगचा आणि बिनटॅगचा अशा तिन्ही विनंत्यांतून वगळायचं, नाहीतर बेरीज कधीच जुळणार नाही.

दुसरी गोष्ट नॅट गेटवे, आणि पैशांच्या दृष्टीने हीच सगळ्यात कामाची निघाली. टीमकडे सर्व्हरच्या खर्चाचा जुना आलेख होता. त्याचा फिल्टर 'ईसीटू कॉम्प्युट' या सेवेवर होता आणि तो सपाट होता. त्यावरून ते सांगत होते की सर्व्हरचा खर्च वाढलेलाच नाही. ते खरंही होतं. पण नॅट गेटवेचा खर्च त्या नावाखाली येत नाही, तो 'ईसीटू-अदर' नावाच्या वेगळ्या खात्यात बसतो. डिस्क आणि त्यांचे स्नॅपशॉटही (डिस्कच्या त्या क्षणीच्या प्रती) तिथेच. तिथे वापराच्या प्रकारात 'एपीएस३-नॅटगेटवे-बाइट्स' ही ओळ उठून दिसत होती. एपीएस३ ही मुंबईची खूण.

मुंबईत नॅट गेटवेला तासाला ०.०५६ डॉलर आणि त्यातून जाणाऱ्या दर जीबीमागे ०.०५६ डॉलर लागतात. नुसता चालू ठेवला तरी महिन्याच्या ७३० तासांचे सुमारे ४१ डॉलर झाले. त्यावर डेटा. फोटो फोनवरून सर्व्हरकडे येत होते आणि सर्व्हर ते एस-थ्रीत ठेवत होता. डेटाबेसचा पूर्ण बॅकअपही रोज रात्री एस-थ्रीत जात होता. सर्व्हर आतल्या जाळ्यात असल्यामुळे दोन्ही गोष्टी नॅटमधून जात होत्या. बॅकअप ४० जीबीचा धरला तर महिन्याचे १२०० जीबी, म्हणजे ६७ डॉलर, आणि तेही मुंबईतून मुंबईतच जायला. यावर उपाय फुकट आहे. एस-थ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट, म्हणजे आतल्या आत थेट जाणारा रस्ता, जोडला की ही वाहतूक नॅटला टाळून जाते, आणि त्या एंडपॉइंटला तासाचे किंवा जीबीचे पैसे लागत नाहीत. टीमने तो त्याच आठवड्यात जोडला आणि ती ओळ पुढच्या दिवसांत जमिनीला टेकली. वाटप कसं करायचं यावर भांडण चाललं होतं त्या रकमेचा एक मोठा तुकडा असा वाटण्याआधीच नाहीसा झाला.

तिसरी गोष्ट कर. भारतात या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि हिशेबात तो 'टॅक्स' म्हणून स्वतंत्र येतो. त्यावर कुठल्याही कंपनीचा टॅग असण्याचा प्रश्नच नाही. टीम आधी हा कर धरून खर्च वाटत होती. पण टीमची जीएसटी नोंदणी आहे आणि या कराचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेला कर स्वतःच्या देय करातून वळता करण्याची सोय, तिला मिळते. मग तो कंपन्यांच्या खर्चात धरणं योग्य नाही. ही रक्कम परत मिळणारी आहे, ती शेतकऱ्यांच्या कंपनीकडून मूळ खर्च म्हणून घ्यायची नाही, यावर मी अडून बसलो आणि टीमने ते मान्य केलं.

चौथ्यात बारीकसारीक गोष्टी होत्या. सार्वजनिक आयपी पत्त्यांना १ फेब्रुवारी २०२४ पासून ताशी ०.००५ डॉलर लागतात, म्हणजे पत्त्यामागे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. कधीकाळी घेतलेले दोन पत्ते कुणीच वापरत नव्हतं. ते सोडून दिले. एकाने 'मुंबई प्रदेश' असा फिल्टर लावून पाहिलं तेव्हा आणखी एक फरक निघाला. रूट ५३ (इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांभाळणारी सेवा) सारख्या सेवा आणि कर यांना मुंबई हा प्रदेश लागत नाही, म्हणून त्या फिल्टरमध्ये ते येतच नाहीत. सर्व्हर मुंबईत आहेत म्हणजे सगळा खर्च मुंबईचा, असं धरता येत नाही. हा एपीआय स्वतःही अमेरिकेतल्या नॉर्दर्न व्हर्जिनिया प्रदेशातून उत्तर देतो. कोडमध्ये त्याचा प्रदेश मुंबई टाकून उपयोग नाही.

विचारण्याचाही खर्च

कॉस्ट एक्सप्लोररच्या एपीआयला प्रत्येक विनंतीमागे ०.०१ डॉलर लागतो, आणि उत्तराचं प्रत्येक पान ही वेगळी विनंती. रक्कम रुपयाच्या आतबाहेरची. पण टीमचा पडदा उघडला की दर वेळी तिन्ही कंपन्यांच्या विनंत्या जात होत्या, आणि बैठकीनंतर तो पडदा सगळेच उघडून पाहायला लागले होते. खर्चाची माहिती साधारण दिवसातून एकदा ताजी होते. तासाला विचारून जुनंच उत्तर विकत मिळतं. आता सकाळी एकदाच विनंत्या जातात, उत्तर टीमच्या स्वतःच्या तक्त्यात साठवलं जातं आणि पडदा तिथून वाचतो. चालू महिन्याचे आकडे 'एस्टिमेटेड' अशा खुणेने येतात आणि नंतर बदलू शकतात. म्हणून रोज मागचे काही दिवस पुन्हा मागवून जुन्या नोंदीवर लिहिले जातात, आणि महिन्याचं बिल पक्कं झाल्यावर तो अख्खा महिना. पडद्यावर कच्चा आकडा आणि पक्का आकडा वेगळ्या रंगात दिसतो. हे मी आग्रहाने करून घेतलं, कारण कच्च्या आकड्यावर पैसे मागितले आणि नंतर तो बदलला की विश्वास जातो, आणि उत्पादक कंपनीत विश्वास एकदा गेला की सभासद पुढच्या हंगामात माल व्यापाऱ्याला घालतो.

खर्चाची पूर्ण तपशीलवार फाइल रोज एस-थ्रीत टाकून घेण्याचीही सोय आहे, आणि खाती मोठी असतील तर तीच बरी. तिघांच्या या हिशेबाला तिची गरज नव्हती. मोजमापही साधं 'अनब्लेंडेड', म्हणजे ज्या दिवशी जितकी आकारणी झाली तितकाच खर्च, असं घेतलं, कारण आगाऊ घेतलेली कोणतीही योजना खात्यावर नव्हती.

सामायिक खर्च कसा वाटला

थेट खर्च टॅगप्रमाणे ज्याचा त्याच्याकडे गेला. नॅटचा फुगवटा निघाला, कर बाजूला झाला, पत्ते सुटले. उरला डेटाबेस, लोड बॅलन्सर आणि नॅटचा स्थिर भाग. हे कोणत्याही फिल्टरने वेगळं होणार नव्हतं, कारण ते खरोखरच सामायिक होतं. इथून पुढे प्रश्न एपीआयचा उरला नाही, तिघांच्या संमतीचा होता.

राळेगावच्या सचिवांनी क्विंटलप्रमाणे वाटा सुचवला. ऐकायला न्याय्य, आणि आर्णीला सोयीचा. मी विरोध केला. डेटाबेसला क्विंटल कळत नाही, त्याला नोंद कळते. ट्रकने आलेला ४० क्विंटल कापूस ही एक काटापट्टी, बैलबंडीतून आलेला ५ क्विंटल हीही एकच काटापट्टी. नोंद, फोटो, संध्याकाळचा संदेश, सगळं दोन्हींना सारखंच लागतं. म्हणून वाटा काटापट्ट्यांच्या संख्येवर काढावा असं मी मांडलं.

अडचण अशी की आर्णीकडे लहान शेतकरी जास्त, बंड्या जास्त, त्यामुळे क्विंटलच्या मानाने पट्ट्याही जास्त. माझ्या मोजमापाने आर्णीचा वाटा सचिवांच्या मोजमापापेक्षा वाढत होता, आणि तक्रार आर्णीचीच होती. मी दोन्ही आकडे शेजारी ठेवून काकांना दाखवले. त्यांनी बराच वेळ कागद पाहिला आणि म्हणाले, "पट्ट्या आमच्या जास्त आहेत हे खरं आहे जी. काम आमचं असन तं खर्च बी आमचा." तरीही पूर्वीच्या समान तिसऱ्या हिश्शापेक्षा त्यांची रक्कम बरीच खाली आली. हंगाम बंद असतो त्या महिन्यांत पट्ट्या जवळपास नसतातच, तेव्हा सामायिक खर्च समान वाटायचा असं ठरलं. त्या महिन्यांत डेटाबेसचा आकार उतरवून खर्च आणखी कमी करता येईल, पण टीमला हंगामाआधीच्या चाचण्यांसाठी तो हवा असतो, म्हणून हा निर्णय त्यांच्यावर सोडला.

नवा करार तिन्ही संचालक मंडळांनी मंजूर केला. त्यात बिनटॅगचा खर्च दर महिन्याला वेगळ्या ओळीत दाखवण्याची अट आहे, आणि तो एकूण खर्चाच्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर टीमने आठवड्याच्या आत कारण द्यायचं आहे. नवा सर्व्हर उभा करताना टॅगशिवाय तो बनूच नये, अशी तपासणी टीमने आपल्या प्रक्रियेत घातली.

मागच्या महिन्यांच्या फरकाचा प्रश्न शेवटपर्यंत लांबला. खर्च वाटपाचा टॅग चालू केल्यावर मागच्या १२ महिन्यांपर्यंत तो लागू करून घेण्याची सोय २०२४ पासून आहे, आणि टीमने तशी विनंती टाकली. पण त्या सोयीने टॅग मागे जाऊन लागत नाही. त्या वेळी सर्व्हरवर टॅग असेल तरच तो हिशेबात दिसतो. दारव्हा आणि राळेगावच्या सर्व्हरवर तो होता, आर्णीच्या सर्व्हरवर तो सप्टेंबरमध्ये लागला. म्हणून आर्णीपुरता मागचा थेट खर्च एपीआयमधून निघत नाही. काटापट्ट्या मात्र पहिल्या दिवसापासून नोंदलेल्या आहेत. मागच्या महिन्यांचा सगळाच खर्च, क्रेडिट वगळून नव्हे तर क्रेडिट धरून, प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवर पट्ट्यांच्या प्रमाणात वाटायचा आणि फरक पुढच्या तीन बिलांत वळता करायचा, असं टीमने लिहून दिलं आहे. त्यातल्या पहिल्या बिलातली वळती झाली आहे.